झिनुकचा चौथा भाग

"हात काढा सगळ्यांनी. कुणी काही दाबू नका," देबूदा म्हणाले.

रोहननं फोन टेबलावर ठेवला. समोरच्या भिंतीवर, मोठ्या पडद्यावर चालत असलेली मुलगी थांबली. निळा फ्रॉक, पांढरे मोजे, पाठीवर तिच्याहून रुंद दप्तर. क्षणभर ती नुसती पाठमोरी उभी राहिली. मग वाकून तिनं डावा मोजा वर ओढला, सरळ झाली आणि खांद्यावरून मागे वळून पाहिलं. थेट, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

खोलीत हसू पसरलं. दर वेळी पसरायचं.

"हे!" देबूदांनी टेबलावर थाप मारली. "लोक जिंकायला येत नाहीत रे. ह्या वळून बघण्यासाठी येतात. मुलं मुद्दाम बोट उचलून वाट बघत बसतात."

मुलीचं नाव झिनुक. बंगालीत झिनुक म्हणजे शिंपला. शाळा सुटली की ती उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांमधून चालत घरी निघायची. वाटेत डबकी, बकऱ्या, ट्रामचे रूळ, हातगाड्या. खेळणाऱ्यानं तिला सांभाळून घरी पोचवायचं, एवढाच खेळ. सॉल्ट लेकमधल्या सेक्टर फाइव्हच्या, देबूदांच्या ह्या लहानशा कंपनीला त्यानंच जगवलं होतं. आतापर्यंत तीन भाग निघाले होते. पहिल्यात झिनुक उन्हात चालत होती, दुसऱ्यात पावसात, तिसऱ्यात जत्रेतून. चालणं मात्र तेच. मोजा तोच. वळून बघणंही तेच.

ते चालणं शकुननं काढलं होतं.

शकुन मोघे खिडकीजवळ बसली होती. कंपनी सुरू झाली तेव्हापासून ती इथे अॅनिमेटर होती. पडद्यावर जे जे हलायचं, ते तिच्या हातून जायचं. तिला इथे कुणी नावानं हाक मारत नसे. बंगाली जिभेवर 'शकुन' आलं की त्याचं गिधाड होतं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी फार संकोचत तिला हे सांगितलं होतं. "गिधाडं हल्ली कमी होत चालली आहेत," एवढंच ती तेव्हा म्हणाली. तेव्हापासून ती 'मोघेदी' होती.

"तर असं आहे," देबूदा म्हणाले. "बंगळुरूचे लोक एकाच गेमला पैसे देणार. एक तर झिनुकचा चौथा भाग, नाही तर मोघेदीचा 'भाटा'. रोहन काय म्हणतो ते तुम्हाला माहीतच आहे."

रोहन त्या बंगळुरूच्या प्रकाशकांचा माणूस, मूळचा ठाण्याचा. त्यानं खांदे उडवले. "नवीन गेम म्हटलं की आधी तो काय आहे ते लोकांना समजवावं लागतं. 'झिनुक चार' म्हटलं की काही समजवावं लागत नाही. बस."

"आणि मी म्हणतो," देबूदा म्हणाले, "की सात वर्षं ही बाई दर बैठकीत 'भाटा, भाटा' करतेय आणि दर वेळी मी तिला 'पुढच्या वेळी' सांगतोय. म्हातारा झालो मी. तेव्हा ह्या वेळी तीच सांगेल. झिनुकही तिची, भाटाही तिचा. बोला, मोघेदी."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सात वर्षं ज्या वाक्याची ती वाट पाहत होती ते आत्ता समोर येऊन पडलं होतं आणि तिला ते उचलता येईना.

"सोमवारी सांगते," ती म्हणाली.

देबूदांच्या भुवया वर गेल्या.

लिफ्टपाशी रोहननं तिला गाठलं आणि मराठीत सुरू केलं. "मॅडम, मनापासून सांगू का? चौथा भाग म्हणजे पेन्शन असते. दर महिन्याला येते. स्वतःचं काहीतरी करायला निघालेले लोक मी पाहिलेत. फार चांगले असतात बिचारे."

"बिचारे का?"

"कारण नंतर ते भेटतच नाहीत."

शकुनला हसू आलं. पोरगा वाईट नव्हता. पण ज्या कारणासाठी तिनं सोमवारपर्यंत मुदत मागितली होती, ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. जुने तीन भाग आता नव्या फोनांवर नीट चालत नव्हते. चौथा भाग झाला तर त्याच्याबरोबर तेही दुरुस्त होणार होते. नाही झाला तर चैत्रात ते स्टोअरमधून काढून टाकायचे, असं ठरलेलं होतं. म्हणजे भाटा सुरू झाला की झिनुक कुठेच चालणार नव्हती.

आणि झिनुक म्हणजे सानिका होती.

हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. पहिला भाग करताना चालण्याचा नमुना म्हणून कुणाचं तरी चित्रीकरण हवं होतं. माणसाला चालायला लावायचं, मागून व्हिडिओ घ्यायचा, आणि मग एकेक चित्र पुढे सरकवत पावलं, गुडघे, खांदे कसे हलतात ते उतरवून घ्यायचं, ही ह्या कामाची नेहमीची रीत. पैसे देऊन माणूस आणण्याची तेव्हा ऐपत नव्हती. एका रविवारी शकुननं नऊ वर्षांच्या आपल्या मुलीला दप्तर घेऊन गल्लीतून चालायला लावलं. "सरळ चालायचं. माझ्याकडे बघायचं नाही," असं चार-चारदा बजावलं. सानिका गल्लीच्या टोकापर्यंत शहाण्यासारखी गेली. तिथे थांबली. मोजा वर ओढला. आणि आई अजून आहे ना मागे, ते वळून पाहिलं.

ते शेवटचे काही क्षण खरं तर कापून टाकायचे. शकुनला ते कापवले नाहीत.

*

बागबाजारच्या ज्या घरात शकुन वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची, त्याची मालकीण, मिनती माशीमा, संध्याकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेली असायची. गल्लीचं नाव मराठा डिच लेन. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन शहरानं एके काळी जो खंदक खणला, तो इथूनच सुरू झाला होता. माशीमा शकुनला बर्गी म्हणायची. बंगालवर चालून आलेल्या मराठा स्वारांचं ते नाव.

"काय बर्गी, आज लवकर? आमच्या पूर्वजांनी तुझ्यासाठी एवढा खंदक खणला आणि मी तुला वरची खोली दिली. ते वरून बघत असतील मला."

"भाडं वेळेवर देते, तेही बघत असतील."

"ते बघतात म्हणून तर गप्प आहेत. मुलगी कधी येणार?"

"परवा सकाळी."

"उद्या येणार होती ना?"

"उद्या बराकपूरला. मैत्रिणीच्या लग्नाला येतेय ती. रात्री तिकडेच राहील."

माशीमानं मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. तिच्या स्वभावात एवढं न विचारणं नव्हतं. म्हणून ते शकुनच्या लक्षात आलं.

शकुनच्या घरात आवाज फार नव्हते. फ्रिजचा होता, आणि गल्लीच्या पलीकडून, नदीच्या बाजूनं जाणाऱ्या चक्ररेलच्या लोकलचा. नवरा उदय बँकेत अधिकारी. त्याच्या बदलीबरोबर ती कोलकात्याला आली. पाच वर्षांनी त्याची बदली इंदूरला झाली, तेव्हा मुलीची शाळा आणि हिची नोकरी म्हणून ह्या दोघी इथेच राहिल्या. वर्ष-दोन वर्षं दोघांनी फोनवर संसार केला. मग नुसता फोन उरला. पुढे कागदांवर सह्या झाल्या तेव्हा भांडण असं काहीच नव्हतं. असतं तर निदान त्याची आठवण राहिली असती. मग सानिका शिकायला हैदराबादला गेली आणि तिथेच एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली.

संध्याकाळी चहा घेऊन शकुन घाटावर जायची. गंगेला इथपर्यंत समुद्राची भरती-ओहोटी येते. भरतीत घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात, ओहोटीत एकेक करून वर येतात, चिखलानं माखलेल्या, चकचकीत. बंगालीत ओहोटीला म्हणतात भाटा. ह्या पायऱ्यांकडे बघत तिला तो खेळ सुचला होता. एक बाई घाटावर येते. तिला नदीकाठानं दूर जायचं आहे, पण पाणी वाट देईल तेव्हाच पाऊल टाकता येतं. घाई करून उपयोग नाही. पाण्याला घाई नसते. कुणी तिचा पाठलाग करत नाही. ती कुणाला वाचवत नाही. थांबायचं, पायरी उघडी पडली की उतरायचं, चालायचं. रोहननं हे ऐकून विचारलं होतं, "आणि जिंकायचं कसं?" शकुननं विचार करून सांगितलं होतं, "पोचायचं."

शनिवारी ती घाटावर गेली नाही. तिनं गुळपोळ्या केल्या. इथला खजुराचा गूळ सारणात घट्ट राहत नाही, पोळी तव्यावर हटकून फुटते आणि गूळ जळून वास सुटतो. हे तिला दर वर्षी माहीत असायचं आणि दर वर्षी ती त्याच गुळाच्या करायची, कारण सानिकाला जळक्या कडेच्याच आवडायच्या.

*

रविवारी सानिका आली ती हातावर मेंदी, डोळ्यांत झोप आणि खांद्याला जड पिशवी घेऊन.

"आई, तू इतक्या पोळ्या कशाला केली? मी तिथे खाऊन आली. लुची, आलूर दम, सगळं. पोटात जागाच नाही."

"एक खा. बाकीच्या डब्यात देते."

"फ्लाइट दोनची आहे. बारा वाजता निघेन." तिनं पोळीची काळी कड मोडली आणि डोळे मिटून खाल्ली. "उंऽऽ. ही चव हैदराबादला नाही भेटत."

"तिथे प्रयोगशाळेत असं काही जाळलंस तर नोकरीवरून काढतील तुला."

सानिका खळखळून हसली. तिचं हसणं बदललं नव्हतं. शकुन ते ऐकत राहिली, आणि मग तिनं शुक्रवारच्या बैठकीचं सांगितलं.

"मग सांग ना भाटा म्हणून! मी बारावीत होते तेव्हापासून ऐकतेय."

"भाटा केला तर झिनुक बंद होईल. सगळे भाग."

"मग होऊ दे की, बाबा! किती चालणार ती? पाय दुखत असतील बिचारीचे."

शकुननं डब्यात पोळ्या भरल्या, मध्ये मध्ये कागद घातला. मग पाठमोरीच म्हणाली, "भाट्यातली बाई तुझ्याएवढी आहे. निघताना गल्लीच्या टोकापर्यंत चालशील? मी मागून व्हिडिओ घेते."

"परत? आता फ्रॉक कुठून आणू?"

"आहेस तशीच. पिशवी घेऊन."

"आणि तुझ्याकडे बघायचं नाही."

"बघितलंस तरी चालेल," शकुन म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून हे फार पटकन म्हटलं गेलं.

सानिकानं बोटं चाटली. "ते नाही होणार आता. वळायची सवयच नाही राहिली." तिनं हे एखादी गंमत सांगावी तसं सांगितलं. "मीच शाळेत सांगितलं होतं ना सगळ्यांना, की झिनुक म्हणजे मी. केवढी शान मारली होती! मग आठवीत काय सुरू झालं, रस्त्यात सगळे मागून ओरडायचे, 'ए झिनुक!' मी वळली की सगळे हसायचे, मोजा ओढून दाखवायचे. मग मी ठरवलं, कोणी पण हाक मारू दे, आपण वळायचं नाही. आता तर लॅबमधले लोक खरंच हाक मारतात तरी मला कळत नाही. धावत येऊन खांद्याला हात लावतात."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तू म्हणाली, एवढा दुसरा भाग होऊ दे, मग बघू." सानिका उठली, हात धुतले, आणि आईच्या पाठीवरून ओला हात फिरवून म्हणाली, "अरे, एवढं काही नाही गं. लहान होतो आम्ही सगळे."

शकुनला ते बोलणं आठवेना. आठवत नसल्याचं ती सोंग करत नव्हती, आणि तेच तिला लागलं.

बारा वाजता टॅक्सी गल्लीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. आत यायला जागा नव्हती. माशीमा ओट्यावर उन्हात पाय सोडून बसली होती. सानिका तिच्या पाया पडली, गालावरचे तिचे हात सोसून घेतले. आईला मिठी मारली. शकुनच्या एका हातात फोन होता, म्हणून मिठी अर्धीच झाली.

"चालू?"

"चाल."

ती निघाली. शकुननं फोन दोन्ही हातांत धरला, कोपर बरगड्यांशी टेकवले, श्वास बेतानं घेतला. अशानं चित्र हलत नाही. पडद्याच्या चौकटीत मुलीची पाठ दूर जात राहिली. पाऊल लांब पडत होतं. टाच आधी टेकत होती. उजवा खांदा पिशवीच्या वजनानं थोडा खाली होता. शकुनच्या लक्षात आलं की ही चाल तिला ओळखीची नाही. रस्त्यात समोरून, गर्दीतून आली असती तर नुसत्या चालीवरून तिनं हिला ओळखलं नसतं.

"ए सानू!" माशीमा अचानक ओरडली. "सानू! डबा! डबा राहिला गं!"

गुळपोळ्यांचा डबा ओट्यावर, माशीमाच्या शेजारी होता.

"सानूऽऽ!" म्हाताऱ्या बाईचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. समोरच्या इस्त्रीवाल्यानं मान वर केली. एक कुत्रं उठून उभं राहिलं. सानिकाची पाठ तशीच पुढे जात राहिली.

"बर्गी! तू काय फोन धरून बसलीस? धाव ना!"

शकुनला ऐकू येत होतं. डबा दोन हातांवर होता. धावलं असतं तर गल्लीच्या टोकाशी तिनं मुलीला सहज गाठलं असतं, खांद्याला हात लावला असता. पण हात चौकट स्थिर धरून राहिले. इतक्या वर्षांची सवय होती त्यांना. चालणारा माणूस चौकटीतून जाईपर्यंत हलायचं नाही.

टोकाशी सानिका थांबली. टॅक्सीचं दार उघडण्यापूर्वी तिनं पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. मग आत बसली. दार लागलं.

शकुननं रिकामी गल्ली आणखी थोडा वेळ टिपली. मग फोन खाली केला.

माशीमा तिच्याकडे बघत होती. तिनं डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला, झाकण उघडलं, वास घेतला.

"जळल्यात," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "बस इथे. दोघी मिळून खाऊ."

*

सोमवारी शकुननं देबूदांना सांगितलं, "भाटा."

"नक्की?"

"हो."

देबूदांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अभिनंदनासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "चहा मागवतो," ते म्हणाले. रोहननं बंगळुरूहून निरोप धाडला: "मॅडम, नंतर भेटत राहा."

चैत्रात झिनुक स्टोअरमधून उतरली. काही दिवस लोकांचे मेसेज येत राहिले. एकानं लिहिलं होतं, आमची मुलगी रोज विचारते, झिनुक घरी पोचली का. देबूदांनी तो बैठकीत वाचून दाखवला. शकुननं खिडकीबाहेर बघितलं.

भाट्याचं काम सावकाश चाललं. नदी आधी झाली, मग घाट, मग पायऱ्या. बाई सगळ्यांत शेवटी. शकुननं तो गल्लीतला व्हिडिओ रोज थोडा थोडा पुढे सरकवला. टाच, गुडघा, खाली झुकलेला खांदा. आवाज तिनं पहिल्याच दिवशी बंद केला होता. काही आठवड्यांनी ती चाल तिला पाठ झाली. त्यानंतर मेट्रोच्या सियालदह स्टेशनात, शिफ्ट सुटलेल्या मुलींच्या घोळक्यातून जाताना, तिला एकदोनदा वाटलं की सानिका असती तर आता आपण ओळखली असती.

भाद्रपदात गेम खेळून बघण्यासारखा झाला. चुका शोधायला नूपुर नावाची नवी टेस्टर मुलगी ठेवली होती. एका दुपारी ती शकुनच्या टेबलाशी आली.

"मोघेदी, एक राहिलंय बहुतेक. ह्या गेममध्ये सगळा वेळ थांबायचंच असतं ना? पण ही थांबल्यावर मागे बघतच नाही."

"राहिलेलं नाही. ती नाही बघत."

"पण लहानपणी मी झिनुक खेळायचे, तिच्यात किती मस्त..." नूपुर अडखळली. "म्हणजे, एकदा तरी वळली तर खेळणाऱ्याला बरं वाटेल. मी खूप वेळ वाट बघितली."

"मीसुद्धा," शकुन म्हणाली.

नूपुरला हसावं की नाही ते कळलं नाही. वहीत काहीतरी खोडून ती चहाला गेली.

शकुननं हात की-बोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. पडद्यावर घाट होता, संध्याकाळचं करडं पाणी होतं, आणि खालच्या पायरीपाशी ती पाठमोरी बाई. बराच वेळ काही हललं नाही. मग तिनं पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. पाणी एक पायरी उतरलं.